उदयपूर एका दिवसात उरकणाऱ्यांस

महाराष्ट्रातील समस्त सहल-आयोजकांस,



तुमच्या राजस्थान सहलीच्या पत्रकावर बहुधा एकच फोटो असतो. संध्याकाळचं केशरी आभाळ, खाली संथ पाणी आणि पाण्याच्या मधोमध पांढराशुभ्र महाल. खाली ठळक अक्षरांत ‘सरोवरांची नगरी’. हनिमूनचं पत्रक असेल तर शेजारी एखादा लाल बदामही काढलेला असतो. हा महाल म्हणजे पिछोला तळ्यातला जगनिवास. महाराणा दुसरे जगतसिंह यांनी तो १७४३ ते १७४६ या काळात बांधून घेतला, महाराणा भगवतसिंहांनी १९६३ मध्ये त्याचं हॉटेल केलं आणि १९७१ पासून ते ताज समूहाकडे चालवायला आहे. बुकिंग असलेल्या पाहुण्यांनाच आत प्रवेश मिळतो. म्हणजे जी वास्तू दाखवून सहल विकली जाते, तिच्या पायरीलाही तुमच्या बसमधल्या माणसांचा पाय लागत नाही. बोट बाजूने जाते, सगळे मोबाईल एकदम वर होतात आणि टूर मॅनेजर घड्याळ बघतो.

तक्रार त्या फोटोची नाही. तक्रार आहे घड्याळाची.

उदयपूरचा कार्यक्रम कोणत्याही पत्रकात साधारण सारखाच. आदल्या रात्री उशिरा मुक्कामाला, सकाळी साडेनऊला बस. सिटी पॅलेस. जगदीश मंदिर, ‘ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांनी’, कारण चढायला बत्तीस पायऱ्या आहेत. मग सहेलियों की बाडी. दुपारी हस्तकलेच्या एम्पोरियममध्ये पंधरा मिनिटांचा थांबा, जो तासाभराच्या आत कधी आटोपत नाही. संध्याकाळी बोट, रात्री राजस्थानात असूनही ताटात पुरणपोळी आणि मंडळी खूश. दुसऱ्या दिवशी उजाडताच हळदीघाटी, नाथद्वारा करत पुढचा रस्ता. आठ दिवसांच्या सहलीत देशातल्या सर्वांत देखण्या शहराच्या वाट्याला एवढंच येतं.

प्रस्तुत पत्रलेखकाचं मागणं सरळ आहे: उदयपूरला तीन दिवस द्या, आणि त्या तीन दिवसांत महाल थोडे कमी दाखवून पाणी जास्त दाखवा. या शहराचं देखणेपण पाण्यावर उभं आहे, आणि ते पाणी आपोआप आलेलं नाही.

सहेलियों की बाडीतच बघा. महाराणा दुसरे संग्रामसिंह यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राजघराण्यातल्या स्त्रियांसाठी ही बाग केली. गाइड मधल्या हौदापाशी गटाला उभं करतो, सांगतो की टाळी वाजवली की कारंजी उडतात, आणि मोठ्याने टाळी वाजवतो. झाडीत कुठेतरी माळी व्हॉल्व्ह फिरवतो. पाणी उसळतं, आज्या-मावश्या हसतात, नातवंडं पुन्हा टाळ्या पिटतात. इथवर सगळं छान. पण इथे पंपाची गरजच पडत नाही, ही खरी गंमत गाइड घाईत गाळतो. बाग फतहसागरच्या बांधाखालच्या सखल जागेत आहे, आणि तळ्याचं पाणी केवळ उताराच्या जोरावर नळांतून येऊन वर उसळतं. गटाला बागेतून बाहेर काढून रस्त्याने फतहसागरच्या पाळीपर्यंत न्यायला फार वेळ लागत नाही. कारंजं आधी आणि तळं मग बघितलं की उंचीतला फरक डोळ्यांना दिसतो. शाळेतलं भौतिकशास्त्र इतक्या सुंदर जागी क्वचितच भेटतं.

आता त्या पाळीवरच थोडं थांबा. फतहसागर मूळचं सतराव्या शतकातलं, महाराणा जयसिंहांच्या वेळचं. तो बांध पुराने फुटला आणि १८८८ च्या सुमारास महाराणा फतहसिंहांनी तो नव्याने बांधला. पायाभरणी ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हातून झाली म्हणून त्याचं नाव कॅनॉट बांध. तळ्यात एक बेट आहे आणि त्यावर पांढऱ्या घुमटाची इमारत. पर्यटक तिला छोटासा राजवाडा समजून फोटो काढतात. ती सौर वेधशाळा आहे, १९७५ मध्ये अरविंद भटनागर यांनी सुरू केलेली आणि आता अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेचा भाग असलेली. सूर्याकडे बघायची दुर्बीण तळ्यात कशाला? उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतलं बिंब हलतं. चारी बाजूंनी पाणी असलं की हवा शांत राहते. राजांनी हवेशीर म्हणून तळ्यात महाल बांधले आणि शास्त्रज्ञांनी स्थिर हवेसाठी तिथे वेधशाळा बांधली, हे एका वाक्यात सांगता येण्यासारखं आहे. तुमच्या गाइडला ते वाक्य द्या.

याच पाळीवर खाण्याच्या गाड्यांची एक रांग आहे, तिला उदयपूरकर मुंबइया बाजार म्हणतात. पावभाजी तिथेही मिळते. तेव्हा पुरणपोळी एखाद्या रात्री चुकली तर कुणी उपाशी राहणार नाही.

पिछोला त्याहून जुनं. चौदाव्या शतकात धान्याचे तांडे नेणाऱ्या एका बंजाऱ्याने बैलांना ओढा पार करता यावा म्हणून इथे बांध घातला, अशी परंपरेने चालत आलेली हकीगत आहे. महाराणा उदयसिंहांनी १५५९ च्या सुमारास इथे राजधानीची पायाभरणी केली, तेव्हा त्यांनी तो बांध वाढवला, पक्का केला. नऊ वर्षांत, १५६८ मध्ये, चितोड अकबराच्या हाती पडलं आणि डोंगरांच्या कुशीतली ही नवी जागाच मेवाडची राजधानी ठरली. त्यानंतरच्या महाराणांनी तळ्याशेजारी तळं जोडत नेलं. पिछोला, रंगसागर, स्वरूपसागर, फतहसागर ही नावं पत्रकात वेगवेगळी छापलेली असली तरी कालव्यांनी ती एकमेकांना जोडलेली आहेत. सिसारमा नदी पिछोल्यात येते, मदारच्या तळ्यांचं पाणी फतहसागरात. पिछोला ११ फुटांवर भरतं, फतहसागर १३ फुटांवर. पावसाळ्यात उदयपूरच्या वर्तमानपत्रांत हे आकडे रोज येतात आणि पानाच्या टपरीपासून बँकेपर्यंत सगळीकडे ‘कितने फीट हुआ?’ चालू असतं. फतहसागर सांडायला लागलं की अख्खं शहर बघायला लोटतं.

सांडलेलं पाणी जातं कुठे? स्वरूपसागरच्या दरवाजांतून आयड नदीत, तिथून उदयसागरात, पुढे बेडच, बनास, चंबळ, यमुना. उदयपूरच्या तळ्यातलं पाणी अखेर गंगेला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. शहराच्या पश्चिमेचा डोंगर ओलांडला की मात्र वाकळ नदीचं खोरं लागतं आणि ती साबरमतीमार्गे खंबातच्या आखाताकडे निघते. देवास नावाच्या योजनेत (मध्य प्रदेशातलं देवास नव्हे) त्या पलीकडच्या खोऱ्यात आकोदडा आणि मादडी इथे धरणं बांधून, डोंगरातून बोगदा खणून पाणी पिछोल्याकडे वळवलं आहे. आपण कोयनेचं पूर्वेला जाणारं पाणी वीज काढून पश्चिमेला, वाशिष्ठीत सोडलं. इथे पश्चिमेचं पाणी पूर्वेला आणलंय. सांगली-साताऱ्याच्या प्रवाशाला हे एकदा सांगून बघा. तो बोटीत महालाचा फोटो काढायचं विसरून बोगद्याची लांबी विचारेल.

आणि हे पाणी नसतं तर काय होतं, तेही पाहून झालेलं आहे. या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळी वर्षांत पिछोला आटलं. तळाला भेगा पडल्या, मुलं तळ्यात क्रिकेट खेळली आणि जगनिवासच्या पाहुण्यांना बोटीऐवजी गाडीने पोहोचता येऊ लागलं. चांगल्या पावसाने तळं पुन्हा भरलं, पण ती वर्षं उदयपूरकर विसरलेले नाहीत, कारण त्यांच्या नळाला येणारं पाणी याच तळ्यांतून येतं. पिछोला, फतहसागर, दक्षिणेकडचं जयसमंद आणि मानसी-वाकळचं धरण मिळून शहराची तहान भागवतात. ज्या पाण्यावर तुमचा गट बोटीतून वेफर्सची पाकिटं सांभाळत फिरतो, ते कुणाच्या तरी माठातलं पाणी आहे. बोटीत चढण्याआधी टूर मॅनेजरने एवढं एक सांगितलं तर पाकिटांचा प्रश्न पुष्कळसा सुटेल. जानेवारी २०२५ मध्ये पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराखाली पाणथळ शहराचा दर्जा मिळालेली भारतातली पहिली दोन शहरं म्हणजे इंदूर आणि उदयपूर. त्याच वर्षी उदयपूरपासून साधारण पंचेचाळीस किलोमीटरवरचं मेनार हे गाव रामसर स्थळ झालं. गावकऱ्यांनी आपल्या तळ्यांवरचे पक्षी राखले, त्याचं हे फळ. थंडीत तिथे पक्षी बघायला देशभरातून लोक येतात. मराठी सहलीची बस मात्र महामार्गावरून सरळ पुढे जाते.

इतिहासाबद्दलही थोडं. मराठी गट दिसला की सिटी पॅलेसमधला गाइड छाती फुगवून सांगतो की शिवाजी महाराजांचं कूळ मेवाडच्या सिसोदियांचं. टाळ्या पडतात. त्यापुढची दीडशे वर्षं तो सोडून देतो, आणि आपल्या मंडळींनाही ती फारशी ठाऊक नसतात.

इथली पहिली नामांकित मराठी प्रवासी म्हणजे बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई. १७३५ मध्ये त्या काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा वाटेत उदयपूरला महाराणांनी त्यांचा मोठा सन्मान केला. पुढे नाथद्वारा, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया. मार्ग ओळखीचा वाटतो ना? उत्तर भारताची मोठी सहल त्या काळात, मोगल सरदारांकडून सुरक्षित वाटेची हमी घेऊन, एका म्हाताऱ्या बाईंनी केली. पुढच्या वर्षी खुद्द बाजीराव आले. दरबारात महाराणांच्या बरोबरीने आसन मांडलेलं असताना ते मुद्दाम खालच्या जागी बसले, असं सांगतात. जगमंदिर बेटावर चला म्हटल्यावर मात्र त्यांना दगाफटक्याचा संशय आला आणि रागाची किंमत महाराणांना पैशांत मोजावी लागली, अशीही हकीगत आहे. पिछोल्यातल्या बोटीला पहिला नकार देणारा पर्यटक मराठी होता म्हणायचा. जगनिवास तेव्हा उभाही नव्हता. जगमंदिर मात्र होतं. बापाविरुद्ध बंड करून आलेल्या शाहजादा खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, मेवाडने तिथेच आसरा दिला होता.

मग गोडवा संपला. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. मेवाडच्या गादीवर दोन दावेदार होते आणि शिंदे एकाच्या बाजूने उतरले होते. शहराचा बचाव केला अमरचंद बडवा या मंत्र्याने. वेढा महिनोन्‌महिने चालला आणि अखेर साठ लाखांहून मोठ्या रकमेवर तह झाला. एवढा पैसा मेवाडकडे नव्हता. राहिलेल्या रकमेपोटी नीमच, जावदसारखे परगणे गहाण पडले ते पडलेच. याच अमरचंदांनी गणगौर घाटावर बांधलेली हवेली म्हणजे बागोर की हवेली. डोक्यावर एकावर एक मडकी चढवून नाचणाऱ्या बाईंचा रात्रीचा कार्यक्रम तुमचे गट जिथे बघतात, तीच. १९८६ पासून तिथे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं ठाणं आहे. या केंद्राच्या सदस्य राज्यांत राजस्थान, गुजरात आणि गोव्याबरोबर महाराष्ट्रही आहे. शिंद्यांना वेशीवर अडवणाऱ्याच्या घरात आज लावणीच्या आणि दशावताराच्या कार्यक्रमांची कागदपत्रं फिरतात. एवढं ऐकून हवेलीत शिरणारा माणूस भिंतींकडे वेगळ्या नजरेने बघतो. याच केंद्राच्या शिल्पग्राममध्ये महाराष्ट्र-गोव्याच्या खेड्यांतल्या घरांचे नमुने आहेत, आणि डिसेंबरच्या अखेरीस तिथे मोठा उत्सव भरतो.

उदयपूर ‘रोमँटिक’ असल्याची ख्याती जगभर पसरवणारा जेम्स टॉडही पहिल्यांदा इथे आला तो १८०६ मध्ये, दौलतराव शिंद्यांकडे पाठवलेल्या इंग्रजी वकिलातीबरोबर. तेव्हा मेवाडची राजकन्या कृष्णाकुमारी हिच्या लग्नावरून जयपूर आणि जोधपूर एकमेकांच्या उरावर बसले होते. शिंदे आणि पेंढारी सरदार अमीरखान त्या भांडणात आपापली पोळी भाजत होते. १८१० मध्ये तंटा मिटवायला त्या सोळा वर्षांच्या मुलीला विष पाजण्यात आलं. सिटी पॅलेसमध्ये तिच्या नावाचा महाल आहे. हनिमूनच्या जोडप्यांना गाइड तो दाखवतो की टाळतो, हे त्याच्या स्वभावावर.

लग्नं आजही होतात. रवीना टंडनचं २००४ मध्ये जगमंदिरात झालं, ईशा अंबानीच्या लग्नाआधीचा सोहळा २०१८ मध्ये इथेच रंगला आणि हल्ली तर कुणाचं लग्न उदयपूरला ठरलं म्हटलं की खर्चाचा अंदाज न विचारताच येतो. त्याच २०१८ मध्ये ‘धडक’ हा हिंदी सिनेमा आला. नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’ची गोष्ट करमाळ्याच्या उसाच्या फडातून उचलून पिछोल्याच्या घाटांवर ठेवली. चित्र देखणं झालं, पण मूळ गोष्टीतला जातीचा काच त्या देखणेपणात विरघळला. उदयपूरचा यात दोष नाही. या शहराकडे नुसती पार्श्वभूमी म्हणून बघितलं की हे होतं, मग बघणारा सिनेमावाला असो की सहलवाला.

तीन दिवसांचं काय करायचं, असं तुम्ही विचाराल. पहिला दिवस तुमचा नेहमीचाच ठेवा, फक्त एम्पोरियमचा तास काढून फतहसागरच्या पाळीला द्या. कमिशनचा हिशेब तुम्हीच जाणता, त्यात पत्रलेखक पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आहाड. आयडच्या काठावरचं धूळकोट हे पांढरीचं टेकाड इसवी सनापूर्वी सुमारे ३००० ते १५०० या काळातलं. इथले लोक तांबं गाळत आणि काळ्या-तांबड्या भांड्यांवर पांढरी नक्षी काढत. १९६१-६२ मध्ये इथे उत्खनन केलं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी, आणि अहवाल सिद्ध करणाऱ्यांत शां. भा. देव होते. नव्वदच्या दशकात जवळच्या बालाथलला उत्खनन झालं, तेही डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांच्या नेतृत्वाखाली. कुष्ठरोगाचा जगातला अतिप्राचीन पुरावा देणारा सांगाडा तिथलाच, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. आहाडचं संग्रहालय छोटं आहे, तासात होतं. पुणेकरांना तर आपणच इथे खणलं, एवढं समाधानही पुरे.

तिसरा दिवस लांबच्या तळ्यांना. जयसमंदचा बांध १६९१ चा, पांढऱ्या दगडी पायऱ्यांवर सोंड उंचावून उभे असलेले हत्ती. जायला-यायला अर्धा दिवस लागतो. वेळ नसेल तर निदान राजसमंद चुकवू नका, कारण ते तुमच्या वाटेवरच आहे. नाथद्वाऱ्याहून जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर पुढे. १६६२ मध्ये महाराणा राजसिंहांनी दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून हे तळं खणायला घेतलं, आपल्या रोजगार हमीच्या तीनशे वर्षं आधी. पाळीवर नऊचौकी घाट आहे. त्याच्या कोनाड्यांत काळ्या दगडाच्या पंचवीस शिळांवर राजप्रशस्ती कोरलेली आहे, रणछोड भट्टांनी रचलेलं संस्कृत काव्य. देशातला सर्वांत मोठा संस्कृत शिलालेख म्हणतात तो हाच. वाचता आला नाही तरी एका शिळेपुढे उभं राहून पाच मिनिटं नुसता बघा. अक्षरं इतकी बारीक आणि एकसारखी की टाचणीने ओळ धरून लिहिल्यासारखी. समोरच्या तोरणांखालच्या पायऱ्या पार पाण्यात उतरत जातात, आणि तिकीट खिडकीची रांग कुठे दिसत नाही.

आठ दिवसांत हे बसत नसेल तर जैसलमेर वेगळ्या सहलीत टाका. वाळवंटातले तंबू आणि मेवाडची तळी एकाच पिशवीत कोंबायची सक्ती कुणी केलेली नाही.

राहिला मोसम. तुमचा सगळा भर दिवाळी ते फेब्रुवारी. एकदा पावसात गट नेऊन बघा. महाराणा सज्जनसिंहांनी टेकडीवर सज्जनगढ बांधायला घेतला होता तो ढग बघायला. नोव्हेंबरात तिथे ढग नसतात, इतर सहलींच्या जीपगाड्या असतात. हरियाली अमावस्येला फतहसागरवर आणि सहेलियों की बाडीत दोन दिवसांची जत्रा भरते. त्यांची ही श्रावणातली अमावस्या म्हणजे आपली आषाढ अमावस्या, कुणाकडे दिव्यांची आणि कुणाकडे गटारीची. जत्रेचा दुसरा दिवस, आपल्या श्रावणाचा पहिला, फक्त बायकांचा. झोपाळे, बांगड्या, पिपाण्या, चाट, ओल्या गवतावर फतकल मारून बसलेली अख्खी उदयपूरची स्त्री-जात, आणि पुरुषांना मज्जाव. तुमच्यापैकी पुष्कळजण महिला विशेष सहली काढतात आणि त्यांना सिंगापूर-थायलंडला नेतात. एक गट या जत्रेला न्या. पुढच्या वर्षीची तारीख पंचांगात बघून आत्ताच हॉटेल धरलंत तर ऐन पावसाळ्यातले दर बरेच उतरलेले मिळतील. फक्त पुरुष टूर मॅनेजरला त्या दिवशी बागेच्या दारातच थांबावं लागेल, तेव्हा बरोबर बाई पाठवा.



तुमच्या बसच्या मागच्या सीटवरून,
एक प्रवासी